आंग्र्यांचे नाव आणि लाल शेपटीचा मासा

गोष्ट गणपतीच्या दिवसांतली आहे. अंजूरला नाईकांच्या वाड्यात सिद्धिविनायकाच्या दर्शनाला पाहुण्यांची रीघ असते, तशी आमच्याही घरी माणसे येतात. त्या वर्षी माझी भाची रिक्षातून उतरली ती मांडीवर पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी सांभाळत. पिशवीत तळहाताएवढा एक चपटा मासा होता. अंग तपकिरी, खवल्याखवल्यावर फिकट ठिपका, डोळ्याच्या मागे पांढराशुभ्र पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी कुंकवासारखा लाल रंग. दुकानदाराने त्याला ‘बटरफ्लाय’ म्हटले होते आणि पावतीवर लिहिले होते, ‘इंपोर्टेड फिश, १ नग’.

पेटीत घालायला खारे पाणी तयार करण्याची पुडी आणि खाद्याच्या गोळ्या सोबत मिळाल्या होत्या. माशाने त्या गोळ्यांना तोंड लावले नाही. पेटीतल्या दगडाला तो बारीक चोचीसारख्या तोंडाने टोचे मारत राही. नवव्या दिवशी सकाळी तो आडवा झालेला दिसला. भाची रडली नाही. तिने मला एवढेच विचारले, “मामा, तू जुन्या गोष्टी शोधतोस ना? मग हा कुठला होता ते शोध.”

मी भिवंडीच्या एका गोदामात मालाची आवक-जावक लिहितो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटले. मोडी शिकलो ती चाळिशीनंतर, सुट्टीच्या दिवशी, वहीत गिरवून. माझा विषय एकच: आमच्या गावचे गंगाजी नाईक अंजूरकर आणि १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम. साष्टीची बखर मी किती वेळा वाचली याला हिशेब नाही. मासे हा माझा अभ्यासाचा विषय कधीच नव्हता. तो जेवणाचा विषय. खाडीची बोय, निवट्या, कोलंबी, चिंबोरी आणि नशीब असेल तर जिताडा. हा लाल शेपटीचा पाहुणा त्यांत बसत नव्हता. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून मी शोधायला लागलो, आणि दोन वर्षे हिंडून परत माझ्याच विषयाच्या दारात येऊन उभा राहिलो. तो प्रवास इथे मांडतो.

परदेशी माशांच्या खंडात

माशाचे शास्त्रीय नाव ‘कीटोडॉन कॉलारे’. कीटोडॉन म्हणजे केसांसारखे दात असलेला. ग्रीक भाषेतून घेतलेले हे नाव लिनियसने १७५८ मध्ये वापरले. कॉलारे म्हणजे गळपट्टा. डोळ्यामागच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावरून हे नाव पडले. ते देणारा माणूस म्हणजे बर्लिनचा डॉक्टर मार्कुस एलिझर ब्लॉख, आणि वर्ष १७८७.

या ब्लॉखविषयी वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. जन्म १७२३, गरीब ज्यू कुटुंबात. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत त्याला जर्मन किंवा लॅटिन नीट वाचता येत नव्हते. एका शल्यवैद्याच्या हाताखाली राहून तो शिकला, डॉक्टर झाला, बर्लिनला स्थिरावला. माशांचा नाद लागला तो पन्नाशी उलटल्यावर. पहिला खंड निघाला १७८२ मध्ये, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. १७९५ पर्यंत १२ खंड आणि ४३२ रंगीत चित्रे. उष्ण समुद्रांकडे तो स्वतः कधी गेला नाही. जगभरातून मिशनरी, व्यापारी आणि मित्र त्याला दारूच्या बरण्यांत मासे पाठवत. आपल्या देशातून तरंगमबाडीचे मिशनरी पाठवत. तिथे तेव्हा डेन्मार्कची वखार होती. त्याच्या संग्रहातले शेकडो मासे आजही बर्लिनच्या निसर्ग-संग्रहालयात आहेत.

आमच्याकडे १७८७ म्हणजे महादजी शिंदे लालसोटला राजपुतांशी लढत होते ते वर्ष. त्याच वर्षी बर्लिनमध्ये एक म्हातारा डॉक्टर बरणीतल्या माशाच्या गळपट्ट्याचे वर्णन लिहीत होता. आणि त्याने तो मासा घातला कुठे, तर ‘परदेशी मासे’ या मालिकेच्या तिसऱ्या खंडात. बर्लिनहून पाहताना ते बरोबरच होते. पण भिवंडीच्या पावतीवरही तेच लिहिलेले होते, आणि ते वाचून आम्हीही त्याला परका समजलो होतो.

पेटीत तो का जगला नाही

फुलपाखरू माशांच्या कुळात सुमारे १३० जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे पोट प्रवाळावर चालते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते मोहरीपासून मुठीपर्यंतच्या आकाराचे मऊ जीव. ते आपल्याखाली चुन्याचे घर बांधत जातात, आणि लाखो घरांची मिळून वस्ती होते. कॉलारे जातीचा मासा या मऊ जिवांना आणि फटींतल्या बारीक किड्यांना टिपून खातो. त्याचे पुढे आलेले तोंड आणि केसाळ दात याच कामाचे. आमच्या पेटीतल्या दगडाला तो टोचे मारत होता ते याचसाठी. ताटात भाताच्या जागी गोटा वाढल्यासारखे ते झाले.

इराणच्या आखातापासून जपान-इंडोनेशियापर्यंत हा मासा आढळतो. लांबी फार तर १८ सेंटिमीटर. राहतो साधारण २० मीटरपर्यंतच्या पाण्यात. बहुधा जोडीने, कधी छोट्या थव्याने. अंडी पाण्यावर सोडलेली असतात. पिल्ले काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात. त्या वयात त्यांच्या डोक्यावर हाडाच्या तकटांचे शिरस्त्राण असते. मग एखादा प्रवाळ गाठून ती उतरतात आणि मोठी होतात. म्हणजे एका प्रवाळाचे बरेवाईट दूरच्या दुसऱ्या प्रवाळापर्यंत पोचू शकते.

हवाईचे संशोधक अर्न्स्ट रीस यांनी १९७०-८० च्या सुमारास एक साधी गोष्ट मांडली: जो मासा प्रवाळ खाऊन जगतो, त्याच्या संख्येवरून आणि वागण्यावरून प्रवाळाची तब्येत ओळखता येईल. घरात दाणे उरले आहेत की नाही हे उंदरांवरून कळावे तसे. पुढच्या संशोधकांनी या विचाराच्या मर्यादाही दाखवल्या, पण मूळ धागा टिकला. १९९८ मध्ये समुद्र तापून जगभरचे प्रवाळ पांढरे पडले, आपल्या लक्षद्वीपचेही. प्रवाळ मेला की नुसत्या त्याच्यावर जगणारा मासा काही दिवसांत कुठे जाणार?

आता प्रश्न आला आमच्या खाडीचा. अंजूरच्या पाठीमागून उल्हास नदी वाहते आणि पुढे वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. आषाढात तिचे पाणी चहासारखे होते. प्रवाळाला लागते खारे, उबदार आणि ऊन तळापर्यंत पोचेल इतके निवळ पाणी. गाळ बसला की त्याचा जीव गुदमरतो. त्यामुळे हा मासा आमच्या खाडीतला असणे शक्यच नव्हते. मुंबईच्या खडकांवर मात्र गाळ सोसणारे काही प्रवाळ तग धरून आहेत. कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीकडचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले, तेव्हा पुष्कळ मुंबईकरांना ते तिथे होते हे प्रथम कळले.

मालवणच्या पाण्यात

उत्तर मिळाले मालवणला. गेलो होतो सिंधुदुर्ग पाहायला. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पन्नाशीच्या माणसाला तोंडाला नळी लावून पाण्यात डोके घालायला सांगितले की जी धांदल उडते ती माझी उडाली. खारे पाणी प्यालो. मग श्वास बसला आणि खाली बघितले.

खडकाच्या कडेला पिवळट-हिरव्या प्रवाळाचा एक तुकडा होता, आणि त्याच्याभोवती गळपट्टा घातलेले दोन मासे. शेपटीच्या मुळाशी तोच लाल रंग. एक पुढे, दुसरा हातभर मागे. ते टिपत होते आणि सरकत होते. आमच्या पेटीत मी त्या माशाला नऊ दिवस पाहिले होते, पण तो जेवताना कसा दिसतो हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

वर आलो तेव्हा होडीवाल्या काकांना विचारले, याला तुमच्याकडे कोणी खाते का? ते हसले. “ह्यो जाळ्यात गावलो तर आमी परत टाकतंव. ह्येच्यात मांस खय असा?”

बाजारात जो मासा चालत नाही तो वहीत चढत नाही. पापलेट, सुरमई, बांगडा यांची नावे, मोसम आणि भाव पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या तोंडी आहेत. याला विकायचे नाही, खायचे नाही, म्हणून तो पाण्यात परत. इतके दिवस तेच त्याचे संरक्षण होते. शोभेच्या पेट्या आल्या आणि न खाल्ल्या जाणाऱ्या माशाचीही किंमत ठरली. मी लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात रंगीत मासे पाहिले होते. १९५१ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीने मुंबई-ठाण्याच्या दोन-तीन पिढ्यांना समुद्राचा तळ काचेतून दाखवला. पण काचेतून पाहिलेले आपण दूरदेशीचे समजलो. घरी जाताना भाचीला फोन केला आणि सांगितले, “तो परदेशातून आला असेल किंवा नसेल, पण त्याची जात आपलीच आहे. सिंधुदुर्गाच्या तटाखाली राहते.”

आंग्र्यांचा उंचवटा

इथे माझा शोध थांबायला हवा होता. पण मालवणला त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर एक समुद्राचा नकाशा पाहायला मिळाला. विजयदुर्गाच्या सरळ पश्चिमेला, भर समुद्रात, जिथे सगळीकडे खोलीचे मोठे आकडे लिहिलेले असतात, तिथे लहान आकड्यांचा एक लांबट पुंजका होता. त्यावर नाव होते ‘आंग्रिया बँक’.

इथे ‘बँक’ म्हणजे समुद्रतळावरचा उंचवटा. किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, अंदाजे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर, म्हणजे कोळ्यांच्या मापाने ११ वाव. हिमयुगाच्या भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा हे पठार कोरडी जमीन होते. पाणी चढले, पठार बुडाले आणि त्यावर प्रवाळ वसले. नद्यांचा गाळ इतक्या दूर पोचत नाही, म्हणून पाणी निवळ. जे आमच्या खाडीत अशक्य आणि मालवणला तुकड्यातुकड्याने, ते तिथे मैलोन्‌मैल पसरलेले आहे. फुलपाखरू माशांचे कुळ तिथे नांदते. डिसेंबर २०१९ मध्ये ‘सागर संपदा’ या सरकारी संशोधन जहाजावरून शास्त्रज्ञ आणि पाणबुडे तिथे गेले आणि त्यांनी त्या तळाची पद्धतशीर पाहणी केली.

आणि नाव आंग्र्यांचे! मी ज्या मोहिमेचे कागद वीस वर्षे चाळतो आहे, तिच्यातले नाव.

थोडा इतिहास सांगायला हवा. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना आंग्र्यांचे दस्तक घ्यावे लागे. त्याआधी दोन शतके पोर्तुगीज हेच करत होते. त्यांच्या परवान्याचे नाव ‘कार्ताझ’. पोर्तुगीजांनी परवाना मागितला तर तो कायदा आणि आंग्र्यांनी मागितला तर चाचेगिरी, असा इंग्रजांचा न्याय होता. त्यांच्या कागदांत घराण्यातला कोणीही पुरुष असो, त्याला एकच नाव: ‘आंग्रिया’. कान्होजींनंतर १७३३ मध्ये सेखोजी गेले आणि घर फुटले. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेला. त्याच दशकात आमचे गंगाजी नाईक पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे खेटे घालत होते. मोहीम उभी राहिली, चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. जमिनीवरून पेशव्यांची फौज, वाटा आणि खाड्यांचे जाणकार अंजूरकरांसारखे स्थानिक, आणि समुद्राच्या अंगाला मानाजींची गलबते.

पुढचे प्रकरण लिहिताना मराठी माणसाचा हात जड होतो. वसईनंतर सतराच वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशवे आणि इंग्रज एकत्र आले ते तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. इंग्रज विजयदुर्गाला ‘घेरिया’ म्हणत. वॉटसनच्या जहाजांनी मारा केला, आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले, जमिनीवरून उतरलेल्या फौजेबरोबर क्लाइव्ह होता. त्यानंतर या पाण्याची मोजमापे इंग्रज आरमाराच्या हाती गेली. शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला चरबी लावून तो तळाला सोडायचा. वर काढला की चरबीला वाळू, शिंपले, प्रवाळाचा चुरा चिकटून येतो, त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखायचे. या पद्धतीने नकाशे भरत गेले. नकाशा जिंकणाऱ्यांच्या हाती गेला, पण त्या उंचवट्यावर नाव राहिले हरलेल्यांचे.

तोफेचा गोळा आणि बारा मैल

या नावाचा मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. आपल्याकडे तो पुष्कळ वेळा जागवला जातो. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आय.एन.एस. आंग्रे’ हे नाव मिळाले. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या प्रवासी जहाजाचे नाव ‘आंग्रिया’. पण अभिमान बाजूला ठेवून मी गोदामातल्या सवयीने विचारले: हा माल कोणाच्या खात्यावर?

कान्होजींच्या काळात युरोपातले कायदेपंडित वाद घालत होते की किनाऱ्यावरच्या राजाची सत्ता समुद्रात कुठवर. डच पंडित बिंकरशूकने सूत्र दिले: किनाऱ्यावरून शस्त्राचा मारा पोचेल तिथवर. त्यातून तोफेच्या गोळ्याच्या टप्प्याची, पुढे तीन मैलांची कल्पना रुजली. आज भारताचा प्रादेशिक सागर १२ सागरी मैलांचा आहे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. मालवणचे अभयारण्य याच हद्दीत आहे. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदाही तिथवरच चालतो. आंग्रिया बँक आहे जवळजवळ ५७ सागरी मैलांवर. ती भारताच्या २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात येते, आणि तिथे जे करायचे ते केंद्राने. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यात अशा जागेला विशेष क्षेत्र ठरवून तिथल्या पर्यावरणासाठी नियम करण्याची तरतूद आहे. बँकेला संरक्षण द्यावे असा प्रस्ताव गेली काही वर्षे चर्चेत आहे. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत बसला आहे, पण त्या कायद्याचे अभयारण्य बारा मैलांच्या पुढे जात नाही.

म्हणजे आंग्र्यांच्या गलबतांचा दरारा जितक्या दूर होता, तितक्या दूर आपला संरक्षणाचा कायदा अजून पोचायचा आहे. ओढ्या जाळ्याला मैलांचा हिशेब नसतो. ते एकदा प्रवाळावरून फिरले की शेकडो वर्षांचे बांधकाम एका फेरीत मोडते.

माझ्याही हिशेबात चूक होती. वीस वर्षे मी मराठ्यांचा समुद्र वाचला तो पाण्याच्या वरचा. किल्ले, गलबते, तोफा, दस्तके. ज्या पाण्यावर हे सगळे घडले त्याला तळ असतो आणि त्या तळावरही कोणी राहते, हे मला नऊ दिवस जगलेल्या एका माशाने शिकवले. बर्लिनच्या डॉक्टरने त्याला गळपट्ट्यावरून नाव दिले, इंग्रजांनी त्याच्या घराला आपल्या शत्रूचे नाव दिले, दुकानदाराने त्याला ‘इंपोर्टेड’ म्हटले. आपण त्याची नोंद करायची राहिलो आहोत.

माझ्या खोलीत भिंतीवर वसई मोहिमेचा मी हाताने काढलेला नकाशा आहे. वर डहाणू, खाली विजयदुर्ग, एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर. कागद किनाऱ्याच्या बोटभर पश्चिमेला संपत होता. गेल्या दिवाळीत भाची आली तेव्हा आम्ही त्याच्या डाव्या अंगाला दुसरा कागद खळीने जोडला. विजयदुर्गापासून २१ सेंटिमीटर मोजले. तिने तिथे आठ सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद पट्टा रंगवला, आणि त्यात दोन मासे काढले, एक पुढे, एक मागे. शेपट्या लाल केल्या. पेटी अजून माळ्यावर रिकामी आहे. ती खाली काढायचे तिने पुन्हा नाव काढले नाही.